दुसऱ्या कुत्र्याचा प्रश्न

आपल्या वाङ्मयात आणि लोकपरंपरेत कुत्रा पुष्कळ ठिकाणी भेटतो. पण बहुतेक ठिकाणी तो एकटाच भेटतो. महाप्रस्थानाच्या वाटेवर युधिष्ठिरामागे चालणारा कुत्रा एकच आहे. नामदेवांची पोळी पळवणारा, आणि 'कोरडी खाऊ नकोस' म्हणून ज्याच्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले असे सांगतात, तो कुत्राही एकच. रायगडावरचा वाघ्या (त्याच्या ऐतिहासिकतेचा वाद येथे बाजूस ठेवू) तोही एकटाच. दत्तात्रेयांच्या पायाशी मात्र चार कुत्रे असतात. परंतु ते चार वेद मानले जातात, आणि प्रतीकांना भूक लागत नसल्याने भाकरीवरून त्यांचे कधी वाजल्याचे ऐकिवात नाही. पु. ल. देशपांडे यांच्या 'हसवणूक'मधील 'पाळीव प्राणी' या लेखातही विनोदाचा खरा विषय कुत्र्यांपेक्षा त्यांचे मालक हाच आहे.

थोडक्यात, आपल्या परंपरेत माणूस आणि कुत्रा यांचे नाते आहे, कुत्रा आणि कुत्रा यांचे जवळजवळ नाही. युधिष्ठिर स्वर्गाच्या दारात अडून राहतो, कुत्र्यावाचून आत जाणार नाही म्हणतो. ही करुणा थोर आहे यात वाद नाही. पण आत आधीपासून एखादा कुत्रा असता तर पुढे काय झाले असते, हा प्रश्न महाभारताला पडत नाही. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म असल्याचे उघड होते आणि कथा सुटते. आपल्या घरी आणलेला कुत्रा असा धर्मरूप होऊन आपली सुटका करीत नाही. तो कुत्राच राहतो, दारात थरथरत उभा राहतो, आणि आतला कुत्रा त्याच्याकडे पाहून गुरगुरतो. यापुढची गोष्ट मराठीत फारशी कोणी लिहिलेली नाही. माणूस दूर ठेवून प्राण्यांचे आपसातले जग पाहणारी व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' (साहित्य अकादमी पुरस्कार, १९८३) हा ठळक अपवाद. पण ती वानरांची कथा आहे.

हा विषय आताच घेण्याचे कारण आहे. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील रस्त्यावरची कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला त्यात बदल झाला: निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडावीत, रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत, ज्यांना कुत्रा दत्तक घ्यायचा आहे त्यांनी पालिकेकडे अर्ज करावा, पण तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. पुढे ७ नोव्हेंबरला शैक्षणिक संस्था, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री हलवावीत आणि तेथे परत सोडू नयेत, असा आदेश आला. महाविद्यालयात शिकवणाऱ्यांना हा शेवटचा आदेश थेट भिडला. वर्षानुवर्षे व्हरांड्यात झोपणारा, परीक्षेच्या दिवसांत पर्यवेक्षकांच्या मागे हिंडणारा कुत्रा आता जाणार कुठे? 'मी घरी नेतो' असे म्हणणारे सहकारी आम्ही पाहिले. त्यांतील काहींच्या घरी आधीच एक कुत्रा होता. दत्तक घेणे हा शब्द त्यामुळे भिवंडीसारख्या शहरातही कानावर पडू लागला, आणि त्यापाठोपाठ 'आठ दिवसांत परत सोडावा लागला, जमलेच नाही दोघांचे' हे वाक्यही.

आम्ही प्राण्यांचे डॉक्टर नाही. मराठी शिकवणारी माणसे आहोत. तरीही लिहिण्याचे धाडस करतो, कारण 'जमलेच नाही' या वाक्यामागे पुष्कळदा चुकीचे वाचन असते असे आमचे मत आहे. चुकीच्या वाचनाबद्दल बोलण्याचा अधिकार आमच्या व्यवसायाला आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. कुत्र्याच्या देहबोलीसाठी मराठीजवळ शब्दांची वानवा नाही. भुंकणे, गुरगुरणे, केकाटणे, विव्हळणे, कुईकुई करणे, हुंगणे, दात विचकणे, लोळण घेणे, शेपूट घालणे, शेपूट हलवणे: हे सारे शब्द कोणीतरी कुत्र्यांकडे नीट पाहिले होते याचा पुरावा आहेत. पण पुढे आपण ते माणसांना लावले आणि निवाडे बनवले. शेपूट घालणारा भेकड ठरला, शेपूट हलवणारा लाचार, गुरगुरणारा उद्धट. आता नवा कुत्रा घरात येतो तेव्हा आपण हे निवाडे परत कुत्र्यावर लादतो. आतला कुत्रा गुरगुरला की आपल्याला तो कृतघ्न वाटतो, 'एवढे लाड केले आणि एका गरीब जिवाला सामावून घेत नाही!' नव्याने शेपूट घातले की तो 'घाबरट निघाला' आणि दोघांनी शेपट्या हलवल्या की 'मैत्री झाली'.

यातले एकही वाचन खात्रीचे नाही. शेपूट पोटाखाली घेणे म्हणजे 'माझ्याकडून तुला धोका नाही' असे सांगणेही असते. शेपूट हलते म्हणजे आनंदच, असेही नाही. अंग ताठ, शेपूट उंच आणि तिचे टोक झरझर थरथरत असेल तर तो ताण असतो. इटलीतील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवून दिले की मालक दिसल्यावर कुत्र्याचे शेपूट उजवीकडे अधिक झुकते आणि अनोळखी, दांडगा कुत्रा समोर आल्यावर डावीकडे. जांभई म्हणजे झोप नव्हे, ओठांवरून जीभ फिरवणे म्हणजे भूक नव्हे. नॉर्वेच्या प्रशिक्षक टूरिड रुगास यांनी अशा खुणांना ताण निवळवण्याच्या खुणा म्हटले आहे. मान वळवणे, जमीन हुंगत बसणे, समोरून सरळ न येता वळसा घेऊन येणे, हीही त्यांतलीच वाक्ये. आणि गुरगुर? आमच्या मते ती कुत्र्याच्या भाषेतली सर्वांत सभ्य सूचना आहे. 'येथवर ठीक, याच्या पुढे नको' एवढेच ती सांगते. गुरगुरल्याबद्दल मारले, ओरडले की कुत्रा शांत होतो असे नाही. तो फक्त सूचना देणे सोडतो. मग एके दिवशी सूचनेवाचून चावा होतो आणि आपण म्हणतो, 'काही कारण नसताना चावला'. कारण होते, आपणच ते खोडून टाकले होते.

दुसरे चुकीचे वाचन अधिक प्रतिष्ठित आहे. 'मध्ये पडू नका, मोठा कोण ते त्यांचे त्यांना ठरवू द्या' हा सल्ला सर्रास दिला जातो. त्याच्या मुळाशी लांडग्यांच्या कळपातील 'अल्फा'ची कल्पना आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बाझलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांवर लिहिले. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या 'द वुल्फ' या ग्रंथाने ती कल्पना सर्वदूर नेली. तिला वाङ्मयाची जमीन आधीच तयार होती. जॅक लंडनच्या 'द कॉल ऑफ द वाइल्ड' (१९०३) या कादंबरीत बक आणि स्पिट्झ ही कुत्री नेतृत्वासाठी झुंजतात आणि एक जण मरतो. पुढे मेक यांनी स्वतःच ही कल्पना मागे घेतली. रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पोरे, असे त्यांनी १९९९ च्या लेखात मांडले आणि आपले जुने पुस्तक छापणे थांबवावे म्हणून प्रकाशकाकडे आग्रह धरला. आपल्याच गाजलेल्या ग्रंथाविरुद्ध असा उभा राहणारा लेखक विरळा.

पण येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. शेंकेल यांनी पाहिलेली भांडणे खोटी नव्हती. निघून जाण्याची वाट नसलेल्या कुंपणात कोंडलेले प्राणी तसेच वागतात. त्यातून लांडग्याचा स्वभाव कळला नाही, कोंडमाऱ्याचा परिणाम कळला. दहा बाय बाराच्या खोलीत दोन अनोळखी कुत्री सोडून दार लावून घेणारा माणूस तोच प्रयोग नव्याने करीत असतो. भांडण झाले की त्याला वाटते, सिद्धांत खरा ठरला.

आमचा मुख्य मुद्दा आता सांगता येईल. दोन कुत्र्यांची भेट हा प्रेमाचा किंवा मोठेपणाचा प्रश्न फार थोडा आहे. तो जागेचा प्रश्न आहे आणि त्याखालोखाल काळाचा. कायद्यानेही हे मानले आहे. २००१ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आणि त्यांच्या जागी आलेले २०२३ चे नियम, दोन्हींत निर्बीजीकरणानंतर कुत्रा जेथून उचलला तेथेच सोडावा असे म्हटले आहे, कारण रस्त्यावरच्या कुत्र्याचे जगणे त्याच्या जागेशी बांधलेले असते. कोणत्या वखारीचा रखवालदार भाकरी टाकतो, कोणत्या ट्रकखाली सावली असते, कोणत्या गल्लीच्या तोंडाशी दुसऱ्यांची हद्द सुरू होते, हे सारे त्याला ठाऊक असते. आपण त्याला घरी आणतो तेव्हा हे ज्ञान एका दिवसात निरुपयोगी होते. आपल्याला तो निवारा मिळालेला जीव दिसतो. तो स्वतः मात्र जागा गमावलेला जीव असतो. त्याच वेळी आतल्या कुत्र्याच्या जागेत विनापरवानगी वाटेकरी येतो. म्हणजे एकाची जागा गेली आणि दुसऱ्याची धोक्यात आली. या दोघांना समोरासमोर उभे करून आपण 'मैत्री करा' म्हणतो!

परदेशी मार्गदर्शिकांत पहिला नियम असतो, की ओळख तटस्थ जागी करून द्यावी. उद्यानात, मोकळ्या रस्त्यावर. नियम योग्य आहे. पण भिवंडीत तटस्थ जागा कोणती? कामतघरपासून निजामपुऱ्यापर्यंत कोणतीही गल्ली घ्या, ती कोणत्या ना कोणत्या कुत्र्यांची आहेच. माणकोली-अंजूरफाट्याकडच्या गोदामांच्या रस्त्यांवर तर माणसांपेक्षा हद्दीच अधिक. तेथे दोन कुत्री दोरीला बांधून फिरवू लागलो तर चार मिनिटांत तिसरा पक्ष भुंकत येतो आणि ओळखीचा प्रसंग युद्धाचा होतो. तेव्हा हा नियम आपल्या जागेप्रमाणे बदलून घ्यावा लागतो. इमारतीची गच्ची, फाटक बंद होणारे वाहनतळ, परवानगी मिळाल्यास पहाटेचे रिकामे मैदान: घरातला कुत्रा जेथे रोज जात नाही आणि बाहेरचे कुत्रे जेथे येत नाहीत अशी कोणतीही जागा चालते. जिना सामायिक असेल तर शेजाऱ्यांना आधी सांगावे. भिवंडीत कुत्र्याचा स्पर्श, विशेषतः लाळेचा स्पर्श, धर्मश्रद्धेने टाळणारी अनेक कुटुंबे आहेत. नमाजाला निघालेल्या माणसाची वाट अडणार नाही अशी वेळ निवडणे ही साधी शेजारनीती आहे. शेजाऱ्याची नाराजी ओढवून घेतलेला कुत्रा घरात फार दिवस टिकत नाही, हेही खरे.

त्याही आधी डॉक्टर. रेबीजची आणि डिस्टेंपर-पार्वोची लस, जंताचे औषध, आणि निदान दहा-चौदा दिवस वेगळी खोली. हा वेगळेपणा रोगासाठी आवश्यक आहेच, पण त्याचा दुसरा लाभ मोठा आहे. या दिवसांत दोघे एकमेकांना दिसत नाहीत, पण वासाने वाचत असतात. कुत्र्यासाठी वास हा आपल्या वाचनासारखाच आहे. नव्याच्या अंगाखालचे पोते जुन्याच्या कोपऱ्यात ठेवावे, जुन्याची चादर नव्याकडे. कोणी हुंगून निघून गेला तर उत्तम, कोणी त्यावर गुरगुरला तर दुसऱ्या दिवशी पोते आणखी लांब ठेवावे. दाराच्या दोन्ही बाजूंना, दारापासून अंतर राखून, दोघांची ताटे एकाच वेळी लावावीत. मधले अंतर रोज थोडे कमी करावे.

प्रत्यक्ष भेटीसाठी दोन माणसे लागतात, दोन दोऱ्या लागतात आणि दोऱ्या सैल लागतात. ताणलेली दोरी कुत्र्याला एकच गोष्ट कळवते, की धरणारा घाबरला आहे. दोघांना एकमेकांसमोर आणू नये. एकाच दिशेने, लांब लांब, समांतर चालवावे. पंधरा-वीस मिनिटे चालून झाल्यावर, अंगे सैल दिसली तर, एकाने दुसऱ्याला बाजूने हुंगू द्यावे. तीन-चार सेकंद झाले की हाक मारून पुढे चालू लागावे. भेट चांगली चालली असतानाच थांबवणे हे यातले सर्वांत अवघड कौशल्य आहे, व्याख्यानासारखेच. पुढचे पाय जमिनीला टेकवून कोणी मागचा भाग उंच केला तर ते खेळाचे निमंत्रण. कोणी ताठ उभा राहून एकटक पाहू लागला, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला, मानेवरचे केस उभे राहिले, तर न ओरडता अंतर वाढवावे. अंतर हेच या भाषेतले विरामचिन्ह आहे.

घरात प्रवेश देताना नव्याला आधी आत नेऊ नये आणि अरुंद दारात दोघांना एकत्र आणू नये. हाडे, खेळणी, ताटे आधी उचलून ठेवावीत. पाण्याची भांडी दोन असावीत आणि दोन टोकांना. पहिले काही आठवडे माणूस घरात नसताना दोघे एकत्र नसावेत. गणपती विसर्जन, दिवाळीचे फटाके, घरातले लग्न या दिवसांत ही ओळख सुरूच करू नये. तीन दिवस दचकलेले, तीन आठवडे जाणून घेण्याचे, तीन महिने रुळण्याचे, असा एक ठोकताळा निवारागृहांतून सांगितला जातो. तो ठोकताळाच आहे. कुत्री दिनदर्शिका वाचत नाहीत. पण आठ दिवसांत निकाल मागणाऱ्यांना तो उपयोगी पडावा.

या सगळ्यात जुन्या कुत्र्याच्या हक्काबद्दल फारसे कोणी बोलत नाही. नवा दीन असतो, म्हणून सारी करुणा त्याच्याकडे वाहते. जुन्याचा कोपरा जातो, फिरण्याची वेळ चुकते, आणि नाराजी दाखवली की दटावणी मिळते. आमच्या मते उलट झाले पाहिजे. जुन्याची दिनचर्या काटेकोर पाळली जावी, त्याची झोपायची जागा त्याचीच राहावी, त्याचा माणूस रोज थोडा वेळ फक्त त्याचा असावा. नवा दिसला की काही चांगले घडते, असे त्याला अनुभवातून कळू द्यावे. करुणा नव्याला आणि शिस्त जुन्याला, ही विभागणी अन्यायाची आहे, आणि तिचा त्रास शेवटी नव्यालाच होतो.

एक आक्षेप आम्हांला ऐकू येतो. ज्या शहरात यंत्रमागावरचे कामगार एकाच खोलीत पाळीपाळीने झोपतात, तेथे कुत्र्याला वेगळी खोली द्या म्हणणे म्हणजे चैन नव्हे काय? आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. आमचे उत्तर असे, की जेथे दुसरे दार नाही तेथे दुसरा कुत्रा आणू नये. हे निष्ठुर वाटेल. पण आणून परत सोडणे याहून निष्ठुर आहे. परत सोडलेला कुत्रा पूर्वीच्या जागी पूर्वीसारखा परतत नाही. जागेचे नाते तुटलेले असते, आतल्या कुत्र्याशी झालेल्या झटापटीची भीती अंगात मुरलेली असते, आणि अशा भेदरलेल्या कुत्र्यापुढे गल्लीतले एखादे पोर सहज खेळायला जाते. त्या चाव्याची किंमत त्या पोराने द्यायची असते, दत्तक घेणाऱ्याने नव्हे. दुसरा कुत्रा न आणताही करण्यासारखे पुष्कळ आहे: आहे तेथेच त्याचे निर्बीजीकरण आणि लसीकरण होईल याचा महानगरपालिकेकडे पाठपुरावा करणे, आणि ज्याच्या घरात जागा आहे त्याला हे शास्त्र समजावून सांगणे.

दारातल्या करुणेचे वर्णन आपल्या परंपरेने उत्तम केले आहे. दारातून आत आल्यानंतरच्या दिवसांचे वर्णन अजून व्हायचे आहे. त्यात प्रसंग फारसे नसतील. बदललेली पोती, सरकत जाणारी ताटे आणि रोज थोडे कमी होणारे अंतर एवढेच असेल. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी ते लिहिले, तर आम्ही ते आनंदाने वर्गात वाचून दाखवू.